विद्येचा रस्ता दुहेरी हवा

१७ जानेवारी २०२५ रोजी बंगळुरूत अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन झाले. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर आणि अमेरिकेचे मावळते राजदूत एरिक गार्सेटी समारंभाला उपस्थित होते. शहराची ही मागणी फार जुनी होती. अमेरिकेला जाणारे अभियंते, विद्यार्थी आणि मुलांना भेटायला निघालेले त्यांचे आईवडील यांची मोठी गर्दी असलेल्या शहरांपैकी हे एक. पण व्हिसाच्या मुलाखतीसाठी इथल्या माणसाला वर्षानुवर्षे चेन्नई किंवा हैदराबाद गाठावे लागे. साहजिकच शहरातली चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : व्हिसा इथे कधी मिळू लागणार?

प्रश्न स्वाभाविक आहे. पण दोन देशांच्या शैक्षणिक संबंधांविषयीची आपली कल्पना किती अरुंद झाली आहे, हेही त्यातून दिसते. शैक्षणिक संबंध म्हणजे आपली मुले तिकडे जाणे, एवढाच अर्थ आता उरला आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. त्याच सुमारास शिक्षणासाठी भारतात येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांची वार्षिक संख्या दीड हजाराच्याही आत होती, आणि त्यांतही अल्प मुदतीसाठी येणारे बरेच. मागणी आणि पुरवठ्याचा हा साधा हिशेब आहे, असे कोणी म्हणेल. इतिहासाला हा हिशेब मान्य नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हा रस्ता दोन्ही दिशांनी वाहता होता आणि त्यावरचे एक महत्त्वाचे ठाणे होते पुणे. काही विद्वानांनी आणि काही राजदूतांनी मिळून तो बांधला. त्यांतील कित्येकांनी दोन्ही भूमिका निभावल्या. तो कसा बांधला गेला आणि कुठे खचला, हे आज पुन्हा पाहण्याजोगे आहे.

त्याआधीचे येणे-जाणे व्यक्तींच्या जिद्दीवर आणि आश्रयदात्यांच्या औदार्यावर चाले. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी धर्मानंद कोसंबींना १९१० मध्ये बोलावून घेतले. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. या दोन प्रवासांचे फळ आपण जाणतो. पण त्यांच्यामागे कायमची व्यवस्था नव्हती. कोसंबींच्या जागी दुसरा कोसंबी जाईल, याची तजवीज कोणी केली नव्हती. अमेरिकी विद्यापीठांच्या लेखी भारत म्हणजे संस्कृत आणि पाली. गांधींचा, मजुरांचा, जातिव्यवस्थेचा, बोलींचा भारत त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

हे चित्र बदलण्याचा निर्धार डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी केला. ते मिशनरी वडिलांचे पुत्र. बालपणाचा काही काळ त्यांनी भारतात घालवला होता. १९२६ पासून ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी गुप्तवार्ता संघटनेच्या संशोधन शाखेत भारतविषयक विश्लेषणाचे काम केले आणि आपल्या देशाचे भारताविषयीचे अज्ञान जवळून पाहिले. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियात दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा केला. अमेरिकेतला या प्रकारचा तो पहिला विभाग. प्राचीन ग्रंथांबरोबर आजच्या भाषा, अर्थव्यवहार आणि समाज शिकवायचा, हा त्याचा हेतू. पण भाषा फिलाडेल्फियाच्या वर्गात किती शिकणार? त्यासाठी भारतात घर हवे होते.

ते घर डेक्कन कॉलेजात मिळाले. १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या या विद्यालयाची धुरा सुमित्र मंगेश कत्रे यांच्याकडे होती. लंडनला शिकलेले, कोंकणी भाषेच्या घडणीवर ग्रंथ लिहिणारे कत्रे हे दूरदृष्टीचे संस्थाचालक होते. भारतात शेकडो भाषा आणि बोली असताना आधुनिक पद्धतीने त्यांची नोंद करू शकणारी माणसे मूठभरही नाहीत, ही उणीव त्यांना जाणवत होती. रॉकफेलर फाउंडेशनचे साहाय्य मिळवून त्यांनी १९५४ पासून भाषाविज्ञानाची वासंतिक आणि शरद शिबिरे भरवली. अमेरिकेतून शिक्षक आले, देशभरातून तरुण प्राध्यापक शिकायला आले आणि काही वर्षांतच एक नवी विद्याशाखा इथल्या मातीत रुजली. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपविचारावर १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. मिळवणारे अशोक केळकर याच पिढीचे.

इथे बंगळुरूच्या रहिवाशाला आणि मराठी वाचकाला सारखाच आनंद देणारी एक गोष्ट सांगायला हवी. डेक्कन कॉलेजात राहिलेले अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम ब्राइट यांनी बोली कन्नडची रूपरेषा मांडणारे पुस्तक लिहिले, आणि ते १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले पुण्याहून. त्याच सुमारास मैसूरचा एक तरुण प्राध्यापक डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची पदविका घेत होता. बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात त्याने काही वर्षे इंग्रजी शिकवले होते. १९५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो इंडियाना विद्यापीठात गेला आणि पुढे शिकागोत स्थिरावला. ए. के. रामानुजन हे त्याचे नाव. बसवण्णा आणि अक्कमहादेवी यांची वचने, संगमकालीन तमिळ कविता, कन्नड लोककथा हे सारे त्यांच्यामुळे जगभरच्या वाचकांपर्यंत पोचले. मैसूर, बेळगाव, पुणे, शिकागो हा त्यांचा प्रवास. दोन राज्ये सीमेच्या प्रश्नावर भांडत होती त्याच काळात एका कन्नड-तमिळ कवीला घडवण्यात मराठी प्रदेशातल्या संस्थेचा वाटा होता, हे दोन्हीकडच्यांनी विसरू नये.

डेक्कन कॉलेजातली ही ओळख पुढे संस्थेच्या रूपात उतरली. १९६१ मध्ये ब्राउन यांच्या पुढाकाराने काही अमेरिकी विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ स्थापन केली. तिचे भारतातले पहिले कार्यालय डेक्कन कॉलेजच्या आवारात उघडले. आज तिचे मुख्यालय दिल्लीजवळ गुरुग्रामला आहे, पण सुरुवात पुण्याची. अमेरिकी संशोधकाने भारतात येऊन राहावे, भाषा शिकावी, दप्तरखाने चाळावेत, गावे पाहावीत आणि हे सारे एखाद्या भारतीय विद्यापीठाशी संलग्न राहून करावे, अशी तिची रीत.

या रीतीने महाराष्ट्राला काय मिळाले? तीन नावे पुरेशी आहेत. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर पेनसिल्व्हेनियात १९६९ मध्ये प्रबंध पूर्ण केला. भारतीय विद्यापीठांतले बहुतेक इतिहासकार तेव्हा या विषयाकडे वळलेही नव्हते. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि मुलांना वाचायला कसे शिकवावे, या प्रश्नाला पुढचे आयुष्य वाहिले. ॲन फेल्डहाउस महानुभावांच्या सूत्रपाठापाशी आल्या, शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केलेला जुन्या मराठीचा कोश शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वरी किंवा लीळाचरित्र मुळातून वाचणाऱ्याला आज त्या कोशावाचून पुढे जाता येत नाही. तिघींनीही मराठीकडून जेवढे घेतले त्याहून कमी दिले, असे कोणी म्हणणार नाही.

आता राजदूतांकडे वळू. २ फेब्रुवारी १९५० रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी फुलब्राइट करारावर स्वाक्षऱ्या केल्या. नेहरू आणि हेंडरसन यांचे एकमेकांविषयी मत फारसे चांगले नव्हते; शीतयुद्ध, काश्मीर, अन्नधान्याची मदत या सगळ्यांवर मतभेद होते. तरीही तो करार झाला, टिकला, आणि २००८ पासून दोन्ही सरकारे त्याचा खर्च समसमान उचलू लागली. राजकीय मैत्री आधी आणि विद्येचे व्यवहार नंतर, असा क्रम काही ठरलेला नसतो.

त्यानंतरच्या तीन दशकांत दोन्ही राजधान्यांत पाठवलेली माणसे पाहिली की आश्चर्य वाटते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला १९५८ मध्ये वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले आणि १९६३ मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ १९६१ ते १९६३ दिल्लीत होते. जागतिक राजकारण सांभाळून त्यांनी भारतीय चित्रकलेचा असा ध्यास घेतला की पुढे एम. एस. रंधावा यांच्याबरोबर त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. १९७७ मध्ये आलेले रॉबर्ट गोहीन तर आपल्या वेंगुर्ल्याचे. वडील तिथे मिशनचे डॉक्टर. रॉबर्टचा जन्म १५ ऑगस्ट १९१९ चा. ग्रीक साहित्याचे हे अभ्यासक वयाच्या ३७ व्या वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. ते दिल्लीत असताना भारताचे वॉशिंग्टनमधले राजदूत होते नानी पालखीवाला. तारापूरच्या अणुइंधनावरून दोन्ही सरकारांत तीव्र वाद चालू असताना, १९७८ मध्ये प्रिन्स्टनने पालखीवालांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. वाद मिटला नाही, पण बोलणी तुटली नाहीत. समोरच्या समाजाची खरी जाण असलेला राजदूत कडू निरोपही नाते न तोडता पोचवू शकतो.

या साऱ्याला पैसा कुठून आला, याची कथा तर कादंबरीत शोभावी अशी आहे. रेशनच्या दुकानातला अमेरिकी गहू जुन्या वाचकांना आठवत असेल. पीएल-४८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५४ च्या कायद्याखाली तो येई आणि त्याची किंमत भारत रुपयांत चुकती करी. हे रुपये अमेरिकेच्या खात्यावर साचत गेले. ते डॉलरमध्ये बदलून नेणे शक्य नव्हते. १९५८ मधल्या एका दुरुस्तीने अशा पैशातून अमेरिकी ग्रंथालयांसाठी पुस्तके घेण्याची मुभा मिळाली. १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय दिल्लीत सुरू झाले आणि भारतीय भाषांतली नवी पुस्तके, नियतकालिके, सरकारी अहवाल यांच्या पेट्या अमेरिकी विद्यापीठांकडे रवाना होऊ लागल्या. मराठी कथासंग्रह, ग्रामीण कादंबऱ्या, जिल्हा गॅझेटियर सारे त्यात होते. आज एखादे मराठी मासिक महाराष्ट्रात मिळत नाही आणि शिकागोच्या ग्रंथालयात मिळते, याचे मूळ त्या गव्हात आहे.

साचलेल्या रुपयांचा डोंगर मात्र पुढे दोन्ही देशांना डोईजड झाला. तो हलवला तोही एका प्राध्यापकानेच. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान १९७३ मध्ये राजदूत म्हणून आले. बांगलादेश युद्धानंतर संबंध गोठले होते. निक्सन प्रशासन आणि अमेरिकी काँग्रेस यांचे मन वळवून त्यांनी रुपयांचा मोठा वाटा भारताला परत करण्याचा करार घडवला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती ठेवला. उरलेल्या रकमेतून दूतावासाच्या खर्चाबरोबर शैक्षणिक आणि सांस्कृतिक कामेही चालत राहिली.

हा इतिहास केवळ गोड नाही. १९६६ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका दौऱ्यात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी साचलेल्या रुपयांतून ३० कोटी डॉलरइतक्या निधीचे इंडो-अमेरिकन फाउंडेशन उभारण्याची घोषणा केली. भारतातील अनेक प्राध्यापकांनी आणि खासदारांनी त्याला कडाडून विरोध केला : एवढा पैसा हाती असलेले मंडळ आपल्या विद्यापीठांचे धोरणच ठरवू लागेल. योजना बारगळली. पुढच्याच वर्षी एशिया फाउंडेशनला सीआयएचा पैसा मिळत असल्याचे उघड झाले. १९६८ मध्ये त्या संस्थेला भारतातले काम गुंडाळावे लागले. त्याच वर्षी हिमालयीन सीमाप्रदेशावरील बर्कलीच्या एका संशोधन प्रकल्पाला अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा आहे, हे बाहेर येताच संसदेत गदारोळ झाला. परदेशी संशोधकांच्या अर्जांची कठोर छाननी सुरू झाली ती तेव्हापासून.

त्या संशयाला आधार होता, हे मान्यच करायला हवे. पण संशयाची शिक्षा भलत्यांनाच झाली. बोलीभाषा, संतसाहित्य, शेतीचा इतिहास शिकायला येणारा विद्यार्थी आणि सीमेवरची माहिती गोळा करणारा प्रकल्प, दोघांना एकच फाटक लावले गेले. सरकारी सेवेत असताना अशा अर्जांच्या फायली मी अनेक टेबलांवर पडलेल्या पाहिल्या आहेत. ‘याला का येऊ द्यावे?’ हा शेरा त्यांवर हमखास असे. ‘हा आला नाही तर आपले काय जाईल?’ हे कोणीच लिहीत नसे. नकाराची जबाबदारी कोणावर येत नाही, परवानगीची येते. म्हणून फाइल थांबवणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

दुहेरी रस्त्याचे मोल बंगळुरूला दोन माणसांनी दाखवले. सतीश धवन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हान्स लीपमन यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि १९५१ मध्ये ते इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंहही त्याच लीपमन यांच्याकडे शिकून परतले. विक्रम साराभाईंचे निधन झाले तेव्हा धवन पुन्हा कॅलिफोर्नियात होते. अंतराळ कार्यक्रमाची सूत्रे घ्यावीत म्हणून इंदिरा गांधींनी त्यांना बोलावले. त्यांनी दोन अटी घातल्या : कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळुरूत असावे आणि विज्ञान संस्थेचे संचालकपद आपल्याकडे राहावे. दोन्ही मान्य झाल्या. इस्रोचे आजचे घर हे त्या अटींचे फळ आहे.

दुसरे एम. एन. श्रीनिवास, मैसूरचे, मुंबईत घुर्ये यांचे विद्यार्थी. १९७० मध्ये ते स्टॅनफर्ड इथल्या संशोधन केंद्रात रामपुरा या गावावर पुस्तक लिहिण्यासाठी गेले होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या एका जाळपोळीत त्यांच्या वर्षानुवर्षे संस्कारित केलेल्या टिपणांच्या सगळ्या प्रती जळाल्या. शिकागोचे मानवशास्त्रज्ञ सॉल टॅक्स यांनी आठवणीतून लिहिण्याचा सल्ला दिला. १९७६ मध्ये आलेले ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ भारतीय समाजशास्त्रातले अभिजात पुस्तक ठरले. तोवर श्रीनिवास बंगळुरूच्या सामाजिक आणि आर्थिक परिवर्तन संस्थेत आले होते. दोन देशांमधले विद्येचे नाते करारांच्या मसुद्यात दिसत नाही. ते अशा एखाद्या सल्ल्यात असते.

आज हे नाते दोन्ही टोकांना कुरतडले जात आहे. २०२५ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. जूनमध्ये फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी, निवडीत राजकीय हस्तक्षेप होत असल्याचा आरोप करत राजीनामे दिले. आपल्याकडची नोंदही अभिमानास्पद नाही. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने, देशाच्या ‘अंतर्गत बाबीं’शी संबंधित आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांना पूर्वपरवानगी सक्तीची केली. बंगळुरूतील भारतीय विज्ञान अकादमी आणि दिल्लीतील राष्ट्रीय विज्ञान अकादमी यांनी आक्षेप घेतल्यावर महिनाभरात तो आदेश मागे घ्यावा लागला. २०२२ मध्ये केरळच्या किनाऱ्याचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या एका ब्रिटिश विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञाला तिरुवनंतपुरम विमानतळावरूनच परत पाठवले गेले.

यावर आपले उत्तर काय? परदेशी विद्यापीठांच्या शाखा, असे धोरणकर्ते सांगतात. मुंबईत एका अमेरिकी संस्थेला तसे इरादापत्रही मिळाले आहे. अशा शाखा जरूर याव्यात. पण त्या आपल्या मुलांना त्यांची पदवी देतील. त्यांच्या मुलांना आपले जग शिकवणार नाहीत. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील.

पहिली, संशोधन व्हिसाचा निर्णय ठरावीक मुदतीत आणि लेखी कारणांसह व्हावा. सुरक्षेचा प्रश्न खरोखर असेल तिथे नकार द्यावा, पण मौन हा नकाराचा मार्ग नसावा. दुसरी, खर्च आपण उचलावा. गव्हाच्या रुपयांचा काळ संपला. आता भारत गरीब यजमान नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचा दर्जा ठरतो तो ती शिकायला दुरून कोण येते यावरून. डेक्कन कॉलेज, भांडारकर संस्था किंवा एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागात परदेशी अभ्यासकांसाठी दरवर्षी वीस-पंचवीस पाठ्यवृत्त्या देणे महाराष्ट्र सरकारला सहज शक्य आहे. तिसरी, अमेरिकेचा अभ्यास आपणही करावा. १९६४ मध्ये हैदराबादेत सुरू झालेले अमेरिकन अभ्यास संशोधन केंद्र एके काळी देशभरच्या प्राध्यापकांचे तीर्थक्षेत्र होते. अमेरिकी निधी आटला तसे ते ओसरले, कारण त्याचा भार उचलण्याची तयारी आपण दाखवली नाही. लाखो मुले ज्या देशात पाठवतो त्या देशाचा इतिहास, न्यायव्यवस्था आणि वंशप्रश्न जाणणारे भारतीय विद्वान आज किती आहेत?

बंगळुरूच्या दूतावासात उद्या व्हिसाच्या रांगा लागतील, लागाव्यातही. पण त्या कार्यालयाचे यश जाणाऱ्यांच्या संख्येवर मोजू नये. कन्नड किंवा मराठी शिकण्यासाठी वर्षभर राहायला आलेला एखादा तरुण अमेरिकी अभ्यासक इथल्या कट्ट्यावर कॉफी पिताना किती वेळा भेटतो, तेही मोजावे. ब्राउन, कत्रे आणि गोहीन यांच्या पिढीने तो आकडा शून्यावरून वर आणला होता. तो पुन्हा शून्याकडे जाऊ देणे हा दोन्ही देशांचा तोटा आहे. त्यातल्या निम्म्या तोट्याला तरी आपण स्वतः आवर घालू शकतो.